मुंबई सिटी एफसी नुसत्या पैशावर जिंकणारी टीम आहे का? मुंबईबाहेरचे लोक तिला सपोर्ट का करतात?

पैसा होता, ते नाकारण्यात काय अर्थ आहे? 2019 च्या नोव्हेंबरमध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, म्हणजे सिटी फुटबॉल ग्रुपने, आमच्या क्लबचा 65 टक्के हिस्सा घेतला आणि पुढच्या सीझनला एकदम दोन ट्रॉफ्या घरी आल्या. याला योगायोग म्हणणारा फॅन भेटला तर त्याला लांबूनच नमस्कार करा. पण सगळं श्रेय पैशाला देऊन मोकळं होणारे लोक 2021 वर थांबतात आणि 2024 बद्दल बोलतच नाहीत. माझं उत्तर तिथेच आहे.

आधी मी कोण ते सांगतो. नाशिकचा, गंगापूर रोडचा. आमच्याकडे रात्री टर्फवर खेळायला येणारी बहुतेक पोरं युनायटेड, आर्सेनल नाहीतर रिअल माद्रिदची जर्सी घालून येतात. मी आकाशी निळी घातली की हमखास विचारणा होते, "सिटी का रे?" मी म्हणतो, "हो, पण अंधेरीची." मग सगळे हसतात. हसू देत. शनिवारी रात्री इंग्लंडच्या मॅचसाठी जागणाऱ्या या पोरांना कसारा घाट उतरला की एक आशियाई पातळीवर खेळलेली टीम आहे याचा पत्ताच नसतो.

आता पैशाचं. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग ही आपली फुटबॉल लीग, 2014 मध्ये सुरू झाली तेव्हाही आमच्याकडे पैसा होता, नावं तर त्याहून मोठी. मालकांत रणबीर कपूर, मैदानात ल्युंगबर्ग आणि अनेल्का, कोच पीटर रीड. आंद्रे मोरित्झने पुण्याच्या टीमला 5-0 धुतलं तेव्हा लीगमधली पहिली हॅटट्रिक आमच्या नावावर लागली. 2015 मध्ये सुनील छेत्री आला. 2016 मध्ये फोर्लान आला, वर्ल्ड कपमध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरलेला माणूस! त्या वर्षी टेबलात पहिले आलो आणि सेमीफायनलला कोलकात्याकडून हरलो. म्हणजे पहिली सहा वर्षं पोस्टरवरचे चेहरे भरपूर आणि कपाट रिकामं. नुसत्या पैशाने जमत असतं तर ते तेव्हाच जमायला हवं होतं.

सिटी ग्रुपने वेगळं काय केलं, तर चेहऱ्यांऐवजी खेळण्याची पद्धत विकत घेतली. 2020 मध्ये एफसी गोवाकडे आधी असलेला सर्जिओ लोबेरा कोच म्हणून आला. गोव्यातूनच अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बुमूस आणि मंदार राव देसाई आले. माझे गोवेकर मित्र अजून यावरून तोंडसुख घेतात, आणि त्यांची बाजू चुकीची आहे असं मला वाटत नाही. दुसऱ्याने मांडलेला डाव आम्ही उचलून आणला होता. पण तो डाव बघायला मजा यायची हो! गोलकीपर अमरिंदर बॉल लांब भिरकावण्याऐवजी पायाजवळच्या माणसाला द्यायचा. जाहू सेंटरला बॉल तळपायाखाली दाबून उभा. समोरचा पळत अंगावर येईपर्यंत हा हलायचा नाही. दोन पावलं उरली की तिरका पास थेट दुसऱ्या टोकाच्या विंगरकडे (कडेने पळणाऱ्या खेळाडूकडे), आणि अंगावर आलेला माणूस मधल्यामध्ये लटकलेला. टीव्हीवर हे पूर्ण दिसत नाही, कारण कॅमेरा बॉलच्या मागे जातो. मैदानात बसलं की पास निघायच्या आधीच विंगर पळायला लागलेला दिसतो.

त्या सीझनला शील्डचा (लीगच्या टेबलात पहिलं येणाऱ्याला शील्ड, त्यानंतरच्या सेमीफायनल-फायनल जिंकणाऱ्याला कप) निकाल शेवटच्या लीग मॅचवर आला. कोलकात्याच्या एटीके मोहन बागानला (आजचं मोहन बागान) 2-0 हरवलं, दोघांचे 40 पॉइंट झाले आणि आपसातल्या मॅचेसवर शील्ड आमच्याकडे आली. मग 13 मार्च 2021 ला गोव्यातल्या फातोर्डा स्टेडियमवर पुन्हा तेच समोर, कपच्या फायनलला. त्यांनी आधी गोल केला, त्यांच्याच तिरीच्या सेल्फ गोलने बरोबरी झाली आणि नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने मॅच खिशात घातली. कोविडमुळे स्टेडियम रिकामं होतं. गोल झाल्यावर खेळाडूंचंच ओरडणं ऐकू येत होतं. म्हणून असेल, तो विजय मला अजून थोडा कोरडा वाटतो.

त्यापेक्षा 11 एप्रिल 2022 ची रियाधमधली मॅच मला मोठी वाटते. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत, आम्ही पहिल्यांदाच गेलो होतो. पहिल्या मॅचला सौदीच्या अल शबाबने 3-0 ने सोलून काढलं. दुसरी मॅच इराकच्या एअर फोर्स क्लबशी. एक गोल खाल्ला, डिएगो मॉरिसियोने पेनल्टीवर फेडला, आणि मग जाहूचा कॉर्नर आणि राहुल भेकेचं डोकं. 2-1. या स्पर्धेत मॅच जिंकणारा पहिला भारतीय क्लब आमचा. पुढे 7 पॉइंट मिळवून ग्रुपमध्ये दुसरे आलो.

राहुल भेके हे नाव लक्षात ठेवा. मुंबईचा पोरगा. 2019 ची आयएसएल फायनल अंधेरीत आमच्याच मैदानावर झाली होती, गोवा विरुद्ध बंगळुरू. एक्स्ट्रा टाइममध्ये एकमेव गोल करून बंगळुरूला कप मिळवून दिला तो यानेच. आपला माणूस आपल्या मैदानावर दुसऱ्यांना कप देतोय, आणि आपण टाळ्या वाजवायच्या की नाही याचाच विचार करत बसलोय. दोन वर्षांनी तो आमच्याकडे आला, तीन वर्षांनी रियाधमध्ये गोल केला आणि 2024 मध्ये कॅप्टन म्हणून कप उचलला.

2022-23 बद्दल फार बोलत नाही. कोच डेस बकिंगहॅमच्या हाताखाली सलग 18 मॅचेस न हरता 46 पॉइंट घेऊन शील्ड मारली आणि सेमीफायनलला बंगळुरूकडून पेनल्टीवर 9-8 ने बाहेर पडलो. आजपर्यंत बघितलेली आमची सर्वांत देखणी टीम तीच. कप तिच्या नशिबी नव्हता.

मग 2023-24. सुरुवातच वाईट. चॅम्पियन्स लीगमध्ये सहाच्या सहा मॅचेस हरलो. नेमारची अल हिलाल आमच्या ग्रुपमध्ये आली म्हणून लोक वेडे झाले होते. नेमारचा गुडघा आधीच गेला, मॅच डी. वाय. पाटीलवर झाली आणि आम्ही 2-0 ने हरलो. नेमारसाठी तिकीट काढणाऱ्यांनी आमच्यावर चिडायचं कारण नव्हतं, पण ते चिडले. त्याच नोव्हेंबरमध्ये बकिंगहॅम इंग्लंडला ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेला. डिसेंबरमध्ये अंधेरीत मोहन बागानविरुद्ध दोन्ही टीम मिळून सात रेड कार्डं निघाली. सात! मॅच आम्ही 2-1 ने जिंकलो, पण पुढच्या मॅचेसना माणसं कुठून आणायची हा प्रश्न होता. जानेवारीत आमचा खेळाडू ग्रेग स्टुअर्टही सोडून गेला. नवा कोच पेत्र क्रात्की मधल्यामध्ये येऊन बसलेला. पैसा बोलत असता तर या सीझनला गप्पच बसला असता.

15 एप्रिलला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमला शेवटची लीग मॅच. नुसती ड्रॉ झाली असती तरी शील्ड आमची होती. 2-1 ने हरलो आणि शील्ड मोहन बागानने आमच्या डोळ्यांसमोर उचलली.

त्यानंतर नऊ दिवसांनी फातोर्ड्यात गोव्याशी सेमीफायनलचा पहिला लेग, म्हणजे दोनपैकी पहिली मॅच. आम्ही चौघं मित्राच्या खोलीवर जिओसिनेमा लावून बसलेलो. बोरिस सिंगने गोल केला, ब्रँडनने दुसरा केला. ऐंशी मिनिटं झाली, पंच्याऐंशी झाली. एकाने चपला घालायला घेतल्या. माझ्या फोनवर मडगावच्या मित्राचे हसण्याचे इमोजी ओळीने पडत होते. नव्वदाव्या मिनिटाला छांगटेने गोल केला. चला, एक तरी फिटला, असं कोणीतरी म्हणतंय तोवर विक्रम प्रतापने दुसरा टाकला. चपला घातलेला तसाच दारात उभा. आणि इंज्युरी टाइमच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगटे. 2-0 चं 2-3. खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन विचारून गेले की क्रिकेट कुठे चालू आहे. मडगावकडून पुढचे दोन दिवस एक शब्द नाही.

दुसरा लेग अंधेरीत 2-0 जिंकलो आणि 4 मे ला फायनल परत सॉल्ट लेकलाच, परत मोहन बागानच, साठ हजारांवर माणूस त्यांच्या बाजूने. कमिंग्जने हाफटाइमच्या तोंडावर त्यांना पुढे नेलं. पण या वेळी आमची पोरं बिथरली नाहीत. परेरा दियाझने बरोबरी केली, बिपिनने ऐंशी मिनिटांनंतर दुसरा मारला (कोलकात्याविरुद्धच्या फायनलमध्ये याच्या पायात काय शिरतं देव जाणे) आणि अगदी शेवटी याकुब वोयटुशने तिसरा. 3-1. ज्या मैदानावर तीन आठवड्यांपूर्वी मान खाली घालून बाहेर पडलो, तिथेच कप.

त्या टीममधला लालियानझुआला छांगटे मिझोरामचा, बिपिन मणिपूरचा, गोलकीपर फुरबा लाचेन्पा सिक्कीमचा, कॅप्टन मुंबईचा. छांगटे 2022-23 आणि 2023-24 असा सलग दोनदा भारतीय फुटबॉल महासंघाचा वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आमच्याकडे येण्याआधी चेन्नईत असताना त्याच्याकडे वेग होता, पण त्या वेगाचं करायचं काय हे त्याला इथे उमगलं, असं माझं मत आहे. चेन्नईचे फॅन यावर भांडतील, भांडू देत. म्हणून सांगतो, 2021 चा डबल पैशाच्या हिशेबात मांडायला माझी हरकत नाही, 2024 चा कप तसा मांडता येणार नाही.

आता जे खटकतं तेही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा नुसता पोवाडा गातोय. महाराष्ट्राच्या सर्वांत मोठ्या फुटबॉल क्लबात महाराष्ट्राची पोरं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. कोल्हापुरात पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असली की शाहू स्टेडियममध्ये पाय ठेवायला जागा नसते, तिथला अनिकेत जाधव 2017 चा अंडर-17 वर्ल्ड कप खेळला, पण त्याचं करिअर जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा असं फिरलं. नाशिकचं तर विचारूच नका. इथला चौदा वर्षांचा चांगला पोरगा दहावी जवळ आली की फुटबॉल सोडतो, कारण पुढे कुठे जायचं हे त्याला, त्याच्या बापाला आणि त्याच्या सरांनाही माहीत नसतं. एका क्लबचं हे काम नाही, मान्य. पण सुरुवात करण्याची ऐपत असलेला क्लब राज्यात हाच होता.

'होता' म्हणतोय, कारण 2025 ने सगळं हलवलं. मार्चमध्ये बंगळुरूने प्लेऑफमध्ये 5-0 ने फाडलं, ते एक असो. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबरमध्ये संपत होता, नवा काही ठरेना, आणि पुढचा सीझन वेळेवर सुरूच झाला नाही. वर्ष संपता संपता सिटी ग्रुपही क्लबमधून बाहेर पडला आणि क्लब जुन्या मालकांकडे परत आला. आपल्याकडे हा इतिहास जुना आहे. महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाली. आज भारताच्या टीमचे कोच असलेले खालिद जमील ज्या मुंबई एफसीला वर्षानुवर्षं तगवत होते ती गेली. पुण्याची डीएसके शिवाजीयन्स गेली, 2019 मध्ये एफसी पुणे सिटीही गेली. माझा एक पुणेकर सहकारी आहे, त्याच्या कपाटात भगव्या-जांभळ्या जर्सीची घडी अजून आहे, आणि तिचं काय करायचं ते त्याला कळत नाही. त्यामुळे पैसेवाला मालक गेला म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांना माझं सांगणं आहे की जरा दम धरा. मालकावर राग असणं वेगळं आणि टीमच न उरणं वेगळं.

तुम्ही कधी मॅचला यायचं ठरवलंच तर कामाचं सांगतो. कल्याणला उतरून लोकलने घाटकोपर गाठा, तिथून मेट्रो, आझाद नगर स्टेशनवरून आमचं मैदान, शहाजीराजे संकुल, चालत अंतरावर आहे. मैदान लहान आहे, सात हजारांच्या आतबाहेर, पण त्यामुळे बॅकने विंगरला घातलेली शिवीही ऐकू येते. साडेसातची मॅच साडेनऊला संपते, तोवर नाशिकच्या आपल्या नेहमीच्या गाड्या निघून गेलेल्या असतात. मग कल्याणहून उत्तरेकडे जाणाऱ्या मेलच्या जनरल डब्यात उभं राहा नाहीतर चौघं मिळून गाडी करा. 2025 च्या जूनपासून समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत सुरू झाल्यामुळे इगतपुरीपर्यंतचा घाट आता रडवत नाही. फक्त पहिलीच मॅच केरळा ब्लास्टर्सशी असेल तर ती सोडा. त्या दिवशी अर्धं स्टेडियम पिवळं असतं आणि आपण पाहुणे आहोत की यजमान तेच समजत नाही.