कमरेला पिस्तूल, तरी डोळ्याला डोळा लागत नाही

ह्यूस्टनमध्ये माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या मराठी कुटुंबांत आयटीवाले जास्त, पण हॉटेल-बारमध्ये रात्रपाळी करणारेही आहेत. त्यांच्या घरच्यांचा एक प्रश्न हमखास असतो: "हा कामावर लपवून पिस्तूल नेतो. जवळ असलेलं बरंच ना? की नको म्हणू?"

एका जोडप्याची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नवरा तिशीतला, मूळचा सांगलीकडचा, ग्रीन कार्ड झालेला, बारटेंडर. रात्री दोनला दारू द्यायची बंद, मग आवराआवर, गल्ल्याचा हिशोब आणि तीनच्या सुमारास मागच्या दारानं एकट्यानं पार्किंगमध्ये. तिथेच एका रात्री दोघांनी पिस्तूल रोखून त्याचं पाकीट आणि फोन नेला. आठवडाभरात त्यानंही एक विकत घेतलं आणि शर्टाखाली लावून कामावर जाऊ लागला. बायकोला कळलं ते लेकीमुळे. बाबाला मिठी मारताना ती म्हणाली, "बाबा, इथे काय टोचतंय?"

"मॅडम, तुम्ही याला समजवा," बायको म्हणाली. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "ती वेळ हिच्यावर आलेली नाही."

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि मी तसं त्याला सांगितलंही. मग पिस्तुलाचा विषय बाजूला ठेवून झोपेबद्दल विचारलं. उजाडेपर्यंत डोळा लागत नव्हता. ग्लास फुटला की हात कमरेकडे. बाटली काढायला दाराकडे पाठ करावी लागे, तेवढंही नकोसं होई. कुणी आवाज चढवला की हा त्याच्या हातांकडे बघत राही. असा प्रसंग अंगावर आलेलं मन पहाऱ्यावरून हटत नाही. त्यात कमरेचं ते वजन त्याला दर तासाला बजावत होतं की धोका अजून टळलेला नाही. "सुरक्षित वाटतं" असं तो म्हणत होता, पण त्याचं शरीर ते मानत नव्हतं.

घरात बंदूक असली की मी एक प्रश्न आडपडदा न ठेवता विचारतेच: जीव नकोसा होतो का? अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "कधी कधी वाटतं, संपलं तर बरं." बायकोनं हे पहिल्यांदाच ऐकलं. त्याच दिवशी ठरलं: पिस्तूल काही महिने विश्वासातल्या मित्राच्या तिजोरीत, आणि 988 हा मदतीचा नंबर दोघांच्या फोनमध्ये.

कायद्याची बाजू त्याला ठाऊकच नव्हती. 1 सप्टेंबर 2021 पासून आमच्या टेक्सास राज्यात 21 वर्षं पूर्ण झालेल्या, अपात्र नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. त्यामुळे कुठेही चालतं असा समज पसरला आहे. पण ज्या जागेचं 51 टक्के किंवा जास्त उत्पन्न तिथेच प्यायल्या जाणाऱ्या दारूचं असतं, तिथे लाल 51 ची पाटी असते आणि आत पिस्तूल नेणं परवानाधारकालाही गंभीर गुन्हा ठरतो. अपवाद मोजके. याच्या बारला ती पाटी होती. मी त्याला वकिलाकडे पाठवलं, कारण शस्त्राच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर ग्रीन कार्ड असूनही देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. एच-1बी (नोकरीचा), एच-4 (त्यांच्या कुटुंबीयांचा) किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना तर केंद्राच्या कायद्यानं, थोडे अपवाद सोडले तर, बंदूक जवळ ठेवायलाच मनाई आहे. मुलं इथे शिकायला येतात, तेव्हा त्यांना हे कुणी सांगत नाही.

कायदा सांगून भीती जात नाही, म्हणून पुढचं काम पार्किंगचं होतं. मालकाशी काय बोलायचं, याची आम्ही तालीम केली. मागच्या दाराला दिवा, बंद करताना दोघांनी मिळून बाहेर पडणं, रोकड रात्रभर टप्प्याटप्प्यानं तिजोरीत टाकणं, आणि कुणी लुटायला आलाच तर पैसे देऊन टाकणं. मालक लगेच तयार झाला. त्यालाही ती भीती होतीच, फक्त कुणी विषय काढला नव्हता. त्या रात्रीच्या आठवणीवरचं काम याबरोबरच चालू राहिलं, सावकाश.

आता पहाटे चारच्या सुमारास त्याचा डोळा लागतो. पिस्तूल अजून मित्राकडेच आहे. त्याला ते परत हवंय, बायकोला विकून टाकायचंय. पुढच्या भेटीत त्यावरच बोलायचं आहे.