महाकालीला जा, पण आधी आईची ‘एफडी’ उघडून बघा

पत्र मनीषनगर, नागपूरहून आलंय. लिहिणाऱ्यांचं वय ४२, नोकरी खासगी. कॉलेजपासूनचे चार मित्र मार्चअखेरीस उत्तराखंडात महाकाली नदीवर जायचं म्हणताहेत. पंचेश्वरला सरयू महाकालीला मिळते, तिथून राफ्टनं खाली टनकपूरकडे. पाच दिवस पाण्यावर, रात्री वाळूत तंबू, सकाळ-संध्याकाळ महासीर माशासाठी गळ. कन्हान नदीच्या काठी गळ टाकत मोठ्या झालेल्या माणसाची ही जुनी हौस. टूरचे माणशी ३८ हजार, प्रवास आठ हजार, नवा रॉड आणि रील २२ हजार, एकूण ६८. हाताशी २५. प्रश्न असा, की ७० हजारांचं पर्सनल लोन काढू की पीपीएफला हात लावू?

शिल्लक का राहत नाही, हे त्यांनी पुढे चार ओळींत सांगितलंय: “बाबा गेल्यावर पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे २० लाख आईच्या खात्यात आले. आई ६६ वर्षांची. बँकेनं गेल्या जानेवारीत तिची एफडी करून दिली, दरवर्षी चार लाख, पाच वर्षं. व्याज शेवटी एकदम मिळणार, म्हणून मी तिला महिन्याला १२ हजार देतो. आई दर तिमाहीला पासबुक भरून आणते आणि विचारते, एफडीचं व्याज कुठं दिसतं रे?”

सहलीचं आधी सांगून टाकतो. लोन नको. ७० हजारांवर १४ टक्क्यांनी दोन वर्षांत दहा-अकरा हजार व्याज जाईल, प्रोसेसिंग फी वेगळी. पीपीएफ मुलीच्या शिक्षणासाठी आहे असं तुम्हीच लिहिलंय, तो तिथंच राहू द्या. आणि सहलीला जरूर जा. पैसे कुठून येतील ते खाली येतंच आहे.

आता आईचं. दरवर्षी चार लाख भरायची एफडी जगात नसते. तुम्ही कागदांचे फोटो जोडलेत, त्यातल्या पहिल्याच पानावर ‘वार्षिक प्रीमियम’ लिहिलंय. ही विम्याची पॉलिसी आहे. पैसे आईचे, विमा तुमच्या जिवाचा, हप्ते पाच वर्षं आणि मुदत १५ वर्षं. पैसे हातात येतील तेव्हा आई ८१ वर्षांच्या असतील. ६६ वर्षांच्या बाईला, जिचं सगळं घर या २० लाखांवर चालायचं, तिला कुणी १५ वर्षं थांबायला सांगतं का? मला याचा मनापासून राग येतो. बाबांनी हिंगण्याच्या कारखान्यात उभी हयात घालवून जे मागे ठेवलं, ते एका शाखेच्या टार्गेटमध्ये गेलं.

त्याच कागदांत परताव्याचा तक्ता आहे, त्यात ३८ लाखांच्या आकड्याभोवती पेनानं गोल केलाय, तो बघा. अशा तक्त्यात दोन रकाने असतात, एक ४ टक्के आणि एक ८ टक्के परतावा गृहीत धरून. गोल ८ टक्क्यांच्या रकान्यात आहे. शेजारच्या रकान्यात २७ लाख छापलेत, त्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. आणि तो ३८ चा आकडा खरा ठरला तरी हिशेब काय होतो? तुम्ही पाच वर्षं चार-चार लाख भरून १५ व्या वर्षी ३८ लाख, म्हणजे वर्षाला ५ टक्के. ८ टक्के फंडाचे, तुमच्या हाती ५. मधला खर्च आणि कमिशन तुमच्याच पैशातून गेलेलं.

उरलेले १६ लाख पुढच्या हप्त्यांसाठी बचत खात्यात अडीच टक्क्यांवर पडून आहेत. तिमाहीला दहा हजार, आईंना पासबुकात दिसतात ते एवढेच. पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना ८.२ टक्के देते, ६० वर्षांवरच्या कुणालाही ३० लाखांपर्यंत, व्याज दर तिमाहीला. २० लाख पहिल्याच दिवशी तिथं गेले असते तर तिमाहीला ४१ हजार आले असते. महिन्याला पावणेचौदा हजार, तुम्ही देता त्यापेक्षा जास्त, आणि ते आईंचे स्वतःचे.

तुम्ही म्हणाल, भरलेले चार लाख बुडतील. समजा, सगळेच्या सगळे बुडाले. उरलेले १६ लाख सरासरी ७ टक्क्यांनी १५ वर्षं ठेवले तर ४४ लाख होतात. म्हणजे चार लाखांवर पाणी सोडूनही तुम्ही त्या ३८ च्या पुढेच. आणि पैसे कधीही लागले तर हाताशी. म्हणून जानेवारीचा दुसरा हप्ता भरायचा नाही. यात मला जराही शंका नाही.

आता लगेच करायची कामं. बँकेत जाऊन ऑटो डेबिट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापला जाणं, लेखी अर्ज देऊन बंद करा आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. तोंडी सांगून भागणार नाही, जानेवारीत चार लाख परस्पर निघून जातील. पॉलिसी परत करायची ३० दिवसांची मुदत केव्हाच गेलीय, म्हणून आता रस्ता तक्रारीचा. आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि पूर्ण प्रीमियम परत मागा. सोबत आयआरडीएआय या विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही टाका. महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. तिथं फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात.

तुमच्याकडे पुरावा आहे, तुम्हाला त्याची किंमत कळलेली नाही. बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरचा तो व्हॉट्सअ‍ॅप: “आंटी की एफडी हो गई, रेट अच्छा लगवा दिया.” हा मेसेज जिवापाड जपा, तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा. कंपनी त्यांच्या पडताळणीच्या फोनवर बोट ठेवेल, ज्यात आईंनी प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हटलं. त्या वेळी समोर बसून ‘सगळ्याला हो म्हणा’ असं कोण सांगत होतं, तेही तक्रारीत लिहा. पैसे पूर्ण मिळाले नाहीत, तर पहिलं वर्ष संपल्यावर सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडली तर मिळणारी रक्कम, किती ते कंपनीकडून लेखी घ्या. ऑक्टोबर २०२४ नंतरच्या नियमांनी एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेल्यालाही काहीतरी मिळतं.

मात्र ही पॉलिसी थांबली की तुमचा ४० लाखांचा विमा जातो. त्याआधी एक कोटीचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे बचत नसलेला निव्वळ जीवनविमा, घ्या. तुमच्या वयाला, तंबाखू-सिगारेट नसेल तर, वर्षाला साधारण २०-२५ हजारांत बसावा. प्रस्तावात राफ्टिंगबद्दल विचारलं तर खरं लिहा. अपघात विमा असेल तर तोही उघडून वाचा, साहसी खेळ बऱ्याचदा त्यातून वगळलेले असतात.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत, म्हणजे मुख्य पोस्टात, आईंबरोबर जा आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाखांचं खातं उघडा. एक लाख दवाखान्यासाठी बँकेतच असू द्या. वर्षाला १ लाख २३ हजार व्याज येईल, म्हणून व्याजातून कर न कापण्याचा फॉर्म (मार्च २०२६ पर्यंत तो १५एच) भरा, नाहीतर उगाच टीडीएस कापला जाईल. आणखी एक, बाबांची पीएफ पेन्शन आईंच्या नावे सुरू झाली का? पत्रात शब्दही नाही. झाली नसेल तर पीएफ ऑफिसात १०डी फॉर्म भरा. दरमहा किमान हजार रुपये हयातभर मिळतात, नोकरी लांब असेल तर जास्तही.

आता तुमची नदी. आईंना आज तुमचे १२ हजार आणि बचत खात्याचे सव्वातीन, असे सव्वापंधरा मिळतात. खातं उघडल्यावर त्यांचे स्वतःचे साडेदहा होतील, तुम्ही वर साडेचार-पाच द्यायचे. व्याज तिमाहीनं येतं, तोवर त्यांनी बँकेतल्या लाखातून खर्च काढावा आणि व्याज आलं की भरून ठेवावं. तुमचे महिन्याला सात-साडेसात हजार सुटले. डिसेंबर ते मार्च ३० हजार, हाताशी २५. झाले ५५.

सहल ४८ मध्ये बसवा. २२ हजारांचा रॉड यंदा नको. कन्हानवरचा तुमचा रॉड महासीरपुढे टिकणार नाही हे मान्य, पण पहिल्या खेपेला भाड्यानं घ्या, दोन हजार धरा. अर्धे पैसे आगाऊ मागताहेत, तर देण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या. पाणी वाढलं किंवा नदी बंद झाली तर परतावा किती, मासेमारीचा परवाना कोण काढणार, आणि राफ्टसोबत बचावाची छोटी होडी (कयाक) आहे का. वरच्या धरणांमुळे पातळी बदलते, म्हणून तंबू पाण्यापासून किती उंचावर लावतात तेही विचारा. महासीर धोक्यात आलेला मासा आहे. धरला की ओल्या हातांनी, पाण्याबाहेर फार वेळ न ठेवता सोडून द्यायचा, त्यासाठी टोकाशी उलटा काटा नसलेले गळ मागून घ्या.

तुम्ही नदीवरून परत याल तोवर जानेवारी-मार्चची तिमाही पूर्ण झालेली असेल. १ एप्रिलच्या व्याजाची ३०,७५० ची नोंद पासबुकात येईल. ते भरायला आईंनाच जाऊ द्या.