लघुग्रहांची कुळं आणि सोलापूरची तापलेली गच्ची

‘एकाच लघुग्रहाचे तुकडे, मग आज एका ठिकाणी का नाहीत? आणि ते एका कुळातले हे ठरवतात तरी कसं?’ प्रश्न रास्त आहे. (एक लघुग्रह टकरीत फुटला की त्याच्या तुकड्यांच्या गटाला कूळ म्हणतात.)

एका ठिकाणी शोधाल तर सापडणारच नाहीत. टक्कर होते सेकंदाला साधारण ५ किलोमीटर वेगाने, पण मोठे तुकडे पांगतात ते सेकंदाला जेमतेम दहा-वीस-पन्नास मीटर वेगाने. तेवढा फरकही काही हजार वर्षांत त्यांना कक्षाभर पसरवायला पुरतो. म्हणून जागा बघायची नाही, कक्षा बघायची. गुरूच्या ओढीने तिला जे हेलकावे बसतात ते वजा केले की तिचा आकार, लंबगोलपणा आणि कल यांचे जवळजवळ स्थिर आकडे उरतात. १९१८ साली जपानच्या कियोत्सुगु हिरायामा यांना कोरोनिस, इओस आणि थेमिस ही कुळं अशीच सापडली. (योगायोगाने तसल्याच कक्षेत असलेले घुसखोर असतात, ते रंगावरून, वर्णपटावरून वगळायचे.)

पण कुळं टकरीने पसरावीत त्याहून कितीतरी जास्त पसरलेली दिसतात. हे काम उन्हाचं. आपल्या सोलापुरात मे महिन्यात बारापेक्षा तीनचं ऊन जास्त भाजतं, आणि रात्री नऊला गच्चीवर सतरंजी टाकली तरी खालची फरशी पाठ शेकते. स्वतःभोवती फिरणाऱ्या लघुग्रहाचंही तेच. त्याची ‘दुपारची’ बाजू जास्त उष्णता फेकते आणि त्याचा अगदी हलका धक्का उलट बसतो. परिवलन परिभ्रमणाच्याच दिशेने असेल तर कक्षा मोठी होत जाते, उलट असेल तर आक्रसते. याला यार्कोव्स्की परिणाम म्हणतात. गोलेव्का हा अर्धा किलोमीटरचा लघुग्रह १२ वर्षांत १५ किलोमीटर सरकल्याचं २००३ मध्ये रडारने मोजलं.

छोटे दगड जास्त सरकतात. त्यामुळे आकार आणि सूर्यापासूनचं अंतर यांचा आलेख काढला की इंग्रजी ‘व्ही’ दिसतो. तो जितका फाकलेला, तितकं कूळ जुनं. तरुण कुळांत तर कक्षा गणिताने मागे फिरवून तारीखच काढतात: कोरोनिसच्या पोटातलं कारिन हे नातवंड फक्त ५८ लाख वर्षांचं निघालं.

सरकत सरकत एखादा दगड सूर्यापासून २.५ खगोलीय एककांजवळच्या (म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या अडीचपट) कर्कवुड फटीत, लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या जवळजवळ रिकाम्या जागेत पोचला, की गुरू त्याची कक्षा ताणून त्याला पृथ्वीकडे धाडू शकतो. व्हेस्टा या मोठ्या लघुग्रहाच्या दक्षिण ध्रुवावर सुमारे ५०० किलोमीटरचं विवर आहे, तिचं कूळ तिथूनच उधळलं. १९९४ मध्ये राजस्थानात लोहावटला पडलेला उल्कापाषाण व्हेस्टाच्याच जातीचा.