भावाला किडनी द्यायच्या आधी काय काय तपासतात? मी त्यातून गेले, म्हणून सांगते

तुम्ही विचारलंय की मोठा भाऊ डायलिसिसवर आहे, रक्तगट जुळला, आता तुमच्या टेस्ट चालू होणार, तर त्यात नेमकं काय होतं, किती दिवस जातात आणि मधेच नाही म्हणता येतं का. मी अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातली, माहेर पण जवळच, सगळा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं. धाकट्या भावाला किडनी दिली त्याला दुसरं वर्ष चालू आहे. मी काही डॉक्टर नाही, बारावी झालेली शेतकरी बाई, माझ्यासोबत जे झालं ते सांगते.

आम्हाला वाटायचं की टेस्ट म्हणजे आपली किडनी त्याला लागते का ते पाहणं. ते तर दोन-तीन टेस्टमधेच कळून जाते. बाकीच्या सगळ्या टेस्ट तुमच्यासाठी असतात, एक काढून घेतल्यावर ही बाई राहिलेलं आयुष्य एकीवर काढू शकते का ते पाहायला. डॉक्टर लोक नाही म्हणायचं कारणच शोधत असतात म्हणा ना. आधी आमचा मोठा भाऊ तयार झाला होता, तर त्याची उपाशीपोटीची साखर १८० निघाली, त्याला पत्ताच नव्हता. शुगरवाल्याची घेत नाहीत. तो किडनी द्यायला गेला अन् गोळ्या घेऊन घरी आला, तंबाखूचा खर्रा पण सोडला (आठ दिवस). मग नंबर माझा लागला.

पहिले रक्तगट, मग एचएलए, म्हणजे दोघांच्या पेशींवरच्या खुणा किती जुळतात ते, मग क्रॉसमॅच. सख्ख्या भावंडांत एचएलए पूर्ण जुळायचा चान्स चारात एक असतो, निम्मा जुळायचा चारात दोन, आमचा निम्मा जुळला. कमी जुळला तरी आता औषधांवर चालते, घाबरू नका. खरी बघायची ती क्रॉसमॅच, त्यात त्याच्या रक्तात तुमच्या पेशींच्या विरोधात काही तयार होऊन बसलंय का ते पाहतात. आमचा रिपोर्ट आला निगेटिव्ह, भावानं मोबाईलवर वाचलं अन् मायला फोन लावला की जमलं नाही, माय रडायला लागली, शेजारच्या दोघीतिघी पण गोळा झाल्या. अर्ध्या तासानं कोऑर्डिनेटर मॅडमनं सांगितलं की बाप्पा, निगेटिव्हच पाहिजे असते!

त्यानंतर माझी तपासणी. रक्त, लिव्हर, कावीळ बी आणि सी, एचआयव्ही, छातीचा एक्सरे, ईसीजी, टूडी इको, सोनोग्राफी, बायांच्या वेगळ्या टेस्ट. अजून लेकरं होऊ द्यायची आहेत का हे पण विचारतात, कारण किडनी दिल्यावर गरोदरपणात बीपी वाढायचा धोका जास्त असतो. माझं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं होतं, तो प्रश्न मिटला. आपल्या विदर्भात सिकलची, म्हणजे रक्ताच्या सिकलसेल आजाराची तपासणी करतातच, कोणी वाहक निघालं तर बऱ्याच ठिकाणी डोनर म्हणून घेत नाहीत. आणि कंबर दुखली की मेडिकलमधून गोळी आणायची जी सवय असते ना आपल्याला, ती खरी खरी सांगा. मी आधी नाही म्हटलं, मग डॉक्टरांनी विचारलं निंदणाच्या दिवसांत पण नाही? तेव्हा कबूल केलं. त्या गोळ्यांनी किडन्या खराब होऊ शकतात, आता मला कायमच्या बंद आहेत.

चोवीस तासांच्या लघवीचं सविस्तर सांगते कारण ते कोणी नीट सांगत नाही. पाच लिटरचा पांढरा कॅन देतात. समजा सकाळी सातला सुरू केलं, तर सातची पहिली टाकून द्यायची, मग दिवसभर रात्रभर प्रत्येक वेळची कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशीची सातची धरून. आम्ही नागपुरात धर्मशाळेत उतरलो होतो, संडास व्हरांड्याच्या टोकाला, सगळ्यांचा एकच. तो कॅन हातात घेऊन माणसांमधून जायची इतकी लाज वाटे की मी लग्नात मिळालेल्या आहेराच्या पिशवीत घालून न्यायची, तर तिच्यावर गणपती छापलेला, मग पिशवी उलटी करून घेतली. एवढं सगळं केलं आणि रात्री अडीचला अर्धवट झोपेत कॅन न घेताच जाऊन आले. सकाळी वाटलं राहू द्या, एका वेळेनं काय होते, पण नवरा म्हणे सांगून टाक. लॅबमधला पोरगा चिडला, पण परत करायला लावलं ते बरंच झालं, कमी भरली तर आकडा चुकीचा येतो.

मग डीटीपीए स्कॅन, सुई देतात आणि मशीनखाली पडून राहायचं, त्यात दोन्ही किडन्या वेगवेगळ्या किती काम करतात ते कळते. दोघींत फरक असला तर चांगली तुमच्याकडे ठेवतात, हे ऐकून माझ्या सासूबाईंना फार बरं वाटलं. शेवटी सीटी अँजिओ, त्यात किडनीच्या रक्तवाहिन्या दिसतात. औषध सोडलं की अंगभर गरम वाफ गेल्यासारखी वाटते आणि असं वाटते की आपली लघवी झाली, होत नाही, फक्त वाटते. माझी डावी घेतली, डावीची शीर लांब असते म्हणून सर्जनला सोपं जाते म्हणे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. हो, ऑपरेशनच्या आधी केव्हाही नाही म्हणता येते.

मला मानसोपचाराच्या डॉक्टरकडे पाठवलं, वयानं माझ्यापेक्षा लहान पोरगी. तिनं नवऱ्याला, भावाला, वहिनीला बाहेर काढलं अन् दार लावलं. मला वाटलं डोकं ठिकाणावर आहे का ते पाहील. तर तिनं विचारलं, आई रोज फोन करते का? म्हटलं करते. काय म्हणते? म्हटलं, "त्याचं आता तुयाच हातात हाय" म्हणते. तिनं ते लिहून घेतलं. मग म्हणाली, ताई, तुम्हाला द्यायची नसेल तर मी बाहेर एवढंच सांगीन की तपासणीत बसत नाही, का ते कोणालाच सांगणार नाही. मी बराच वेळ काही बोललेच नाही. तोपर्यंत रक्त, लघवी, कागद सगळं मागितलं होतं लोकांनी, पण तुझं काय, हे कोणी विचारलंच नव्हतं, मी पण नाही. मी आठ दिवस मागितले.

घरी आले, वावरात निंदण चालू होतं तिथे लागले. माय फोनवर म्हणे, आता काऊन थांबली? सासूबाई एका शब्दानं बोलल्या नव्हत्या तोपर्यंत, चुलीपाशी म्हणाल्या, "पयले वावर सोडलं, आता किडनी. सोतासाठी काई ठेवशीन का नाई?" दोन वर्षांआधी मी माहेरच्या वावरातला माझा हिस्सा सोडून भावांच्या नावानं हक्कसोडपत्र करून दिलं होतं, त्यांचा रोख त्याच्यावर. झोंबलं, पण खोटं नव्हतं. त्या आठ दिवसांत भावाचा एकही फोन आला नाही. वहिनीलाही त्यानं बजावून ठेवलं होतं की ताईला फोन लावायचा नाही, हे मला नंतर कळलं. पण फोन येत नाही हे तर दिसतच होतं, आणि त्याच्यावरच किडनी द्यायचं माझं ठरलं.

सुयांपेक्षा जास्त त्रास कागदांनी दिला. १९९४ च्या अवयवदानाच्या कायद्यात भाऊ-बहीण जवळच्या नात्यात येतात, म्हणून परवानगी सोपी, पण नातं सिद्ध करावं लागते. माझ्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि लग्नात पहिलं नावही बदललेलं! लग्नाची नोंद केलेली नव्हती, ती ग्रामपंचायतीत आता केली, वर नावाचं प्रतिज्ञापत्र. दाखल्यावर बाबांच्या नावात एक काना कमी, त्यात पंधरा दिवस गेले. एचएलएचा रिपोर्ट पण कामी आला, त्यात रक्ताचं नातं दिसते. आमच्या दवाखान्यात नवऱ्याची सही मागितली. मग परवानगी देणाऱ्या समितीसमोर कॅमेरा लावून विचारतात, पैसे घेतले का, जमिनीचं काही ठरलं का. मी हक्कसोडपत्राचं आपणहून सांगितलं, तारीख दाखवली, विषय संपला. लपवलं असतं आणि नंतर निघालं असतं तर अडकलो असतो.

आम्ही पेरणी झाल्यावर सुरू केलं आणि सोयाबीन सोंगायला आलं तेव्हा मला फिट म्हटलं. दर वेळी मूर्तिजापूरहून पहाटेची विदर्भ एक्स्प्रेस. सगळे कागद आधी तयार असले तर याच्या निम्म्या वेळात होईल. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किडनी बदलायच्या खर्चाची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख केली आहे, पण डोनरच्या कोणत्या टेस्ट त्यात बसतात ते दवाखान्यात योजनेचा जो माणूस बसतो, त्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा, आम्ही उशिरा विचारलं आणि खिशातून गेले.

जड काम जमत नाही म्हणतात त्याचं म्हणाल तर मला तीन महिने वजन उचलू दिलं नाही, नंतर कापूस वेचला. वर्षातून एकदा बीपी, लघवी आणि क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ताची टेस्ट) तपासते.

जाताना उपाशी बोलावतात म्हणून डबा सोबत असू द्या, सुई झाली की खाता येते. आणि कॅन मिळाला की आधी त्याच्यावर नाव लिहा. माझ्या दिवशी चौघींचे कॅन एका टेबलावर होते, सगळे पांढरे.