'नीवु तंदे अल्ल' (तुम्ही बाप नाही) म्हटलं, म्हणून घरी बसू नका

प्रश्न: कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात राहतो, टेंपो चालवतो. बायकोची पहिल्या लग्नाची मुलगी तीन वर्षांची असल्यापासून माझ्याकडे आहे, आता अकरा वर्षांची. बायकोने घटस्फोटाचा दावा घातलाय. घरात भांडण झालं, कुणीतरी १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला आणि बाल कल्याण समितीने मुलीला बालगृहात ठेवलं. चौकशीला गेलो तर एकाने 'नीवु तंदे अल्ल' एवढंच सांगितलं. तिचा बाप चंदगडकडे असतो, आठ वर्षांत फिरकला नाही. माझा काहीच हक्क नाही का?

उत्तर: तो जे बोलला ते खरं आहे, पण अर्धंच. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक कोण ते दिलंय, आणि सावत्र आई-बाप त्यात धरू नयेत असं त्याच कलमाच्या खुलाशात लिहिलंय. म्हणजे आठ वर्षं शाळेत सोडणारे तुम्ही पालक नाही आणि चंदगडचा तो गृहस्थ आहे. राग येणारच, पण यावर वाद घालून उपयोग नाही.

मुलगी मात्र समितीपुढे गेली ती बाल न्याय कायदा, २०१५ खाली. त्यात पालकाची व्याख्या मोठी आहे: नैसर्गिक पालक, किंवा मूल प्रत्यक्षात ज्याच्या सांभाळात आहे असं समितीला वाटतं आणि समिती ज्याला चौकशीत तशी मान्यता देते, ती व्यक्ती. तुम्हाला शिरायला जागा आहे ती इथे. तेव्हा अर्जात 'बाप म्हणून माझा हक्क' असं लिहू नका. 'मुलगी आठ वर्षं माझ्या प्रत्यक्ष सांभाळात आहे, मला पालक म्हणून मान्यता द्यावी' असं लिहा.

आणि पुरावा जोडा. लसीकरणाचं कार्ड, रेशनकार्ड, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, शाळेच्या डायरीतल्या तुमच्या सह्या, शाळेत नोंदवलेला तुमचा मोबाइल नंबर. एक विचारतो: दाखल्यावर बापाच्या जागी तुमचं नाव लावलंय का? आपल्याकडे अशी नावं सर्रास लागतात. लावलं असेल तर वकिलाला आधी सांगा. चौकशीत दुसऱ्याकडून निघालं तर बाकीच्या खऱ्या कागदांवरही संशय येतो.

सामाजिक तपासणी पंधरा दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत व्हावा, असं कायदा म्हणतो. तपासणीला माणूस घरी येईल, शेजाऱ्यांनाही विचारेल. आदेश विरुद्ध गेला तर तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील. बापाला आणि आईला समिती बोलावणारच. शिवाय मूल मूळचं दुसऱ्या हद्दीतलं निघालं, तर त्याच्या हिताचं असल्यास समिती प्रकरण तिकडे पाठवू शकते. बायको माहेरी, महाराष्ट्रात गेली असेल तर हा मुद्दा निघेल. मुलीची शाळा आणि रोजचं राहणं खानापुरातलं आहे, हे पहिल्याच अर्जात मांडा.

समितीने पालक मानलं तरी घटस्फोटानंतरचा कायमचा ताबा तिथे मिळत नाही. त्यासाठी पालक व पाल्य कायदा, १८९० खाली कोर्टात स्वतंत्र अर्ज करावा लागतो. नातं नसलेला माणूसही तो करू शकतो. कोर्ट मुलीचं हित बघतं, आणि मत सांगण्याइतकी ती समजदार वाटली तर तिचं मतही विचारात घेतं. खरं सांगतो: आई नीट सांभाळू शकत असेल तर पारडं तिच्याकडेच झुकेल. मग भेटीची परवानगी मागायची. हा अर्ज दाव्याचा निकाल लागेपर्यंत लांबवू नका.

मुलीचा फोटो गावच्या ग्रुपवर 'न्याय द्या' म्हणून टाकलात असं पत्रात लिहिलंय. आज काढा. अशा मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कानडी येत नाही म्हणून अडू नका. गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येतं, हे घटनेच्या ३५०व्या कलमात आहे. मी मात्र मराठी अर्जाला कानडी प्रतही जोडायला सांगतो. वाचणाऱ्याला सोपं, आपलं काम लवकर. दोन्हींच्या आपल्याकडच्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.