भांगेच्या पानांतून सुगंधी तेल घरी काढता येईल का?

तुम्ही विचारलंय की इंदूरमध्ये ठेक्यावर भांग मिळतेच, तर तिच्यातली टर्पीनं, म्हणजे वास देणारी तेलकट द्रव्यं, घरी वाफेवर काढता येतील का. खटाटोप करून हाती फारसं काही लागणार नाही. या झाडाचा वास मुख्यतः मादी फुलांवरच्या बारीक ग्रंथींत असतो, पानांवर त्या विरळ. त्यातून ठेक्यावरचा माल वाळवलेला नाहीतर वाटलेला, म्हणजे मर्सीनसारखी हलकी टर्पीनं बरीचशी आधीच उडालेली. फुलं घ्यावीत म्हणाल, तर १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात फुलोरा म्हणजेच गांजा. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून तर परवान्याचे ठेके चालतात. आणि गच्चीवर रोप लावायचा विचार असेल तर तोही सोडा, विनापरवाना लागवड हाही गुन्हाच.

पण टर्पीनं ही काही भांगेची मक्तेदारी नाही. लिमोनीन संत्र्याच्या सालीत आहे, लिनालूल धण्यात, कॅरिओफिलीन लवंगेत आणि काळ्या मिरीत. इंदूरच्या सियागंज बाजारात एक चक्कर मारलीत की निम्मी यादी पिशवीत.

सुरुवात मात्र गवती चहापासून करा. स्वस्त आहे, आणि तेल लगेच डोळ्यांना दिसतं. स्टीलच्या मोठ्या डब्यात तळाशी पाणी, वर जाळी, जाळीवर चिरलेला पाला. पाला पाण्यात बुडवून उकळू नका, तळाला लागला की तेलाला करपट वास येतो आणि तो जात नाही. झाकणातून निघणारी नळी वेटोळी करून गार पाण्याच्या बादलीतून न्यायची. सगळी मेख इथे आहे. लोक आच वाढवत बसतात आणि बादलीकडे बघत नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात नळालाच कोमट पाणी येतं, तेव्हा बर्फ टाकत राहावं लागतं. नळीच्या टोकाशी गार थेंब पडले पाहिजेत. तिथे वाफ फसफसत असेल तर तुमचं तेल घरभर पसरतंय.

लिमोनीन एरवी १७६ अंशांना उकळतं, तरी वाफेसोबत ते १०० च्या आतच निघून येतं. तेल आणि पाणी मिसळत नाहीत, त्यामुळे दोघांच्या बाष्पाचा दाब एकत्र होतो.

किलोभर ताज्या पाल्यातून तीन-चार ग्रॅम तेल आलं तरी चांगलं समजा. पाण्यावर पिवळसर थर तरंगतो, तो ड्रॉपरने उचलायचा. लवंगेचं तेल उलट तळाशी बसतं. वर काहीच दिसत नाही म्हणून ओतून देऊ नका. भरायला काचेची गडद बाटली घ्या, संत्र्याचं तेल थर्माकोल तर चक्क विरघळवतं.

कुकर वापरणार असाल तर पाल्याने वाफेचं भोक बुजणार नाही याची काळजी घ्या. आणि ब्युटेन किंवा हेक्सेनने अर्क काढायचे व्हिडिओ बघून स्वयंपाकघरात तसलं काही करू नका. त्यांची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचते आणि ठिणगी मिळाली की भडका.

यात गोडी वाटली तर पुढे रोशा गवताकडे वळा. ते आपल्या शेजारच्या निमाडातलंच. जिरॅनिऑल या सुगंधी घटकामुळे वास गुलाबाच्या जवळ जाणारा, इतका की एके काळी हे तेल मुंबईहून तुर्कस्तानात जायचं आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जायचं. फक्त गवत फुलोऱ्यावर आल्यावरच कापलेलं मागा, कोवळ्यात तेलाचा तो दर्जा येत नाही.