पकडायचं आणि सोडायचं: एचएसपी-७० बद्दल वाचकांचे प्रश्न

उष्माघातावरच्या मागच्या लेखात ‘हीट शॉक प्रोटीन’चा, म्हणजे उष्णतेच्या ताणात पेशी सांभाळणाऱ्या प्रथिनांचा, ओझरता उल्लेख होता. एचएसपी-७० हे त्यांपैकीच एक. त्यावर कोल्हापूर आणि परिसरातून आलेल्या प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : एचएसपी-७० बिघडलेल्या प्रथिनाची घडी नीट घालून देतं, असं मी बारावीच्या वर्गात सांगते. हे बरोबर आहे का? त्याची स्वतःची रचना कशी असते?
*एक शिक्षिका, राजारामपुरी*

अर्धं बरोबर आहे. घडी प्रथिन आपली आपण घालतं. ती कशी पडायची हे त्याच्या अमिनो आम्लांच्या क्रमातच ठरलेलं असतं. एचएसपी-७० पकडतं आणि सोडतं, एवढंच. पण यातलं सोडणं बहुतेक पुस्तकांत राहून जातं, आणि खरी करामत तिथेच आहे.

आधी पकडण्याचं पाहू. घडी पडलेल्या प्रथिनात पाण्याशी न जमणारे भाग आत दडलेले असतात. उष्णतेनं घडी सैल झाली की ते उघडे पडतात आणि शेजारच्या प्रथिनाच्या तशाच भागांना चिकटतात. तव्यावर अंडं फोडलं की आरपार दिसणारा भाग कडेकडून पांढरा होत आत सरकतो, तो हाच प्रकार: सुटलेली प्रथिनं एकमेकांत गुंतून गठ्ठा होतो. पेशीत हा गठ्ठा होण्याआधी एचएसपी-७० त्या उघड्या भागावर बसतं.

माणसात उष्णतेनं वाढणाऱ्या एचएसपी-७० मध्ये ६४१ अमिनो आम्लं असतात. वजन सुमारे ७० हजार डाल्टन (रेणूचं वजन मोजायचं एकक), नावातले ७० तिथलेच. सुरुवातीचा सुमारे ३८० अमिनो आम्लांचा भाग एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) धरतो. त्याचे दोन खंड आहेत आणि मधल्या खोल फटीत एटीपी बसतं. १९९० मध्ये या भागाची स्फटिकावरून रचना मिळाली, तेव्हा ती स्नायूतल्या अ‍ॅक्टिनच्या रचनेशी जुळणारी निघाली. त्यापुढे एक लवचीक सांधा आहे. सांध्यापलीकडे बीटा पट्ट्यांनी बनलेली खोबण आणि तिच्यावर अल्फा सर्पिलांचं झाकण. खोबणीत साधारण सात अमिनो आम्लांचा ताणलेला तुकडा बसतो. मधोमध ल्युसिनसारखं अमिनो आम्ल असेल तर पकड छान बसते. अगदी शेवटी ग्लुटामेट, ग्लुटामेट, व्हॅलिन, अ‍ॅस्पार्टेट ही चार अमिनो आम्लं म्हणजे मदतनीस प्रथिनांना धरायची शेपटी.

आता चक्र. फटीत एटीपी असताना झाकण उघडं असतं, प्रथिनं पटकन येतात आणि पटकन निसटतात. एचएसपी-४० नावाचं मदतनीस प्रथिन बिघडलेलं प्रथिन घेऊन येतं आणि एटीपी तोडायला चालना देतं. एटीपी तुटून त्याचं एडीपी झालं की झाकण मिटतं, पकड घट्ट होते. मग बॅग-१ किंवा एचएसपी-११० सारखं मदतनीस प्रथिन एडीपी बाहेर काढतं, नवं एटीपी बसतं, झाकण उघडतं आणि प्रथिन सुटतं. त्या मोकळ्या क्षणात त्याची घडी पडते. नाही पडली तर पुन्हा पकड. मात्र चिप नावाचं प्रथिन त्या शेपटीला येऊन बसलं, तर पकडलेल्या प्रथिनावर उबिक्विटिनची खूण चढते आणि ते मोडीत जातं.

मुलांची एक चूक हमखास होते: ‘एटीपी तोडून मिळालेल्या ऊर्जेनं झाकण उघडतं’ असं ती लिहितात. उलट आहे. एटीपी बसण्यानं झाकण उघडतं, तुटण्यानं मिटतं. फळ्यावर दोन वेगळी चित्रं काढा, एकाच चित्रात बाण घालू नका.

प्रश्न : ताप वाढला हे पेशीला कळतं कसं?
*बी.एस्सी.चा विद्यार्थी, कागल*

पेशी मुख्यतः तापमान मोजत नाही, बिघडलेली प्रथिनं मोजते. एचएसएफ-१ नावाचं प्रथिन एरवी एचएसपी-७० आणि एचएसपी-९० (आणखी एक हीट शॉक प्रोटीन) यांनी धरून ठेवलेलं असतं. बिघडलेली प्रथिनं वाढली की ही दोघं तिकडे धावतात आणि एचएसएफ-१ मोकळं होतं. अशी तीन मिळून एक जुडी होते, ती केंद्रकात जाऊन एचएसपी-७० चं जनुक सुरू करते. काम उरकल्यावर रिकामं झालेलं एचएसपी-७० पुन्हा एचएसएफ-१ ला धरतं आणि जनुक शांत होतं.

हे जनुक सहाव्या गुणसूत्रावर आहे आणि त्यात इंट्रॉन, म्हणजे आरएनएमधून कापून टाकावे लागणारे तुकडे, नाहीत. उष्णतेच्या धक्क्यात आरएनएची काटछाट अडते, पण याच्या आरएनएला काटछाट लागतच नाही. इतरांचं काम अडलेलं असताना हे प्रथिन बनत राहतं.

या सगळ्याची सुरुवात १९६२ मध्ये झाली. फेरुचिओ रितोसा यांना ऊष्मपेटीचं तापमान वाढल्यावर फळमाशीच्या लाळग्रंथीतल्या गुणसूत्रांवर नवे फुगवटे दिसले. त्यामागची प्रथिनं दिसायला १९७४ उजाडलं.

प्रश्न : हेला पेशी ४२ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये अर्धा तास ठेवून लगेच वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन पट्ट्याच्या रूपात दाखवणारी चाचणी) केला. तापवलेल्या आणि न तापवलेल्या पेशींचे पट्टे सारखेच आले. काय चुकलं?
*एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीची विद्यार्थिनी, कोल्हापूर*

एकाहून जास्त गोष्टी चुकल्या असाव्यात. पहिला संशय प्रथिन ओळखणाऱ्या अँटिबॉडीवर घ्या. पेशीत एचएससी-७० नावाचं सख्खं भावंड कायम भरपूर असतं. ते ६४६ अमिनो आम्लांचं, बरंचसं सारखं. अँटिबॉडी दोघांना धरत असेल तर वाढ त्या गर्दीत बुडते. फक्त उष्णतेनं वाढणारं रूप ओळखणारी अँटिबॉडी आहे का, हे तिच्या माहितीपत्रकात बघा.

दुसरं, इनक्युबेटरमधली हवा फ्लास्क फार हळू तापवते. अर्ध्या तासातला बराच वेळ माध्यम तापण्यातच जातो. फ्लास्कचं झाकण घट्ट लावा, वर पॅराफिल्म गुंडाळा आणि ४२ अंशांच्या वॉटर बाथमध्ये तासभर बुडवा. ४३ अंशांवर अर्धा तास पुरतो. शेजारी तेवढंच माध्यम भरलेला, पण पेशी नसलेला फ्लास्क ठेवून त्यात थर्मामीटर सोडा आणि माध्यम त्या तापमानाला पोचल्यावर घड्याळ लावा. ४५ च्या जवळ गेलात तर पेशीच मरतील. बायकार्बोनेटचं माध्यम कार्बन डायऑक्साइडविना जांभळं पडतं, म्हणजे पीएच चढतो. म्हणून पीएच स्थिर ठेवणारं हेपीस २० मिलिमोलर घाला.

तिसरं, घाई. तापवल्याबरोबर आरएनए वाढलेलं असतं, प्रथिन साठायला वेळ लागतो. पेशी ३७ अंशांवर ४ ते ६ तास ठेवून मग फोडा. प्रत्येक खाचेत २० मायक्रोग्रॅम प्रथिन घाला आणि सगळीकडे ते सारखं भरलंय का हे कळायला त्याच पडद्यावर अ‍ॅक्टिनही बघा.

शिवाय हेला या कर्करोगाच्या पेशी आहेत. त्यांच्यात न तापवताही एचएसपी-७० बरंच असतं. त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट नावाच्या साध्या पेशी शेजारी चालवल्यात तर फरक स्पष्ट दिसेल.

पुढे शुद्ध प्रथिनाची एटीपी तोडण्याची चाचणी कराल तेव्हा बफरमध्ये सोडियम नको, १०० ते १५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड आणि ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड असू द्या. फटीत एटीपीशेजारी पोटॅशियमचे दोन आयन बसतात. त्यांच्या जागी सोडियम आलं की वेग पडतो. प्रथिन ई. कोलायमध्ये बनवलं असेल तर त्या जिवाणूचं स्वतःचं एचएसपी-७०, म्हणजे डीएनएके, सोबत येतं. तेही एटीपी धरतं आणि वजनालाही जवळपास तेवढंच, त्यामुळे केवळ एटीपीच्या कॉलमवर ते वेगळं होत नाही.

प्रश्न : तालमीतल्या पोरांना ‘हीट शॉक प्रोटीन’ असलेली पावडर घ्या म्हणून सांगतात. उपयोग होतो का?
*एक वस्ताद, शाहूपुरी*

नाही. पोटात गेलेलं कुठलंही प्रथिन आम्ल आणि पेप्सिन तुकडे करून पचवतात. अख्खं एचएसपी-७० स्नायूच्या पेशीत पोचत नाही. जोर-बैठकांनी स्नायू तापतात, ताणले जातात, तेव्हा पेशी ते स्वतः बनवतात. पैसे दूध-बदामाला ठेवा.

प्रश्न : मी शिरोलीत फौंड्रीत भट्टीवर आहे. जुनी माणसं म्हणतात पंधरा दिवसांत अंग सरावतं. यात या प्रथिनाचा हात आहे का? आणि जत्रेला आठवडाभर गावी जाऊन आलं की पहिले दोन दिवस चक्कर का येते?
*एक कामगार, शिरोली*

जुनी माणसं बरोबर सांगतात. सराव ७ ते १४ दिवसांत होतो. त्यात मोठा वाटा रक्तातलं पाणी वाढण्याचा आणि घाम लवकर, जास्त व कमी खारट येण्याचा. या प्रथिनाचाही हात आहे: सरावलेल्या माणसांच्या पांढऱ्या पेशींत एचएसपी-७० मुळातच वाढलेलं आढळलं आहे. आठवडाभर भट्टी सुटली की हा सराव उतरू लागतो. म्हणून परत आल्यावर पहिल्या दिवशी भट्टीसमोर नेहमीच्या निम्मा वेळ, दुसऱ्या दिवशी ६० टक्के, तिसऱ्या दिवशी ८० टक्के आणि चौथ्या दिवशी पूर्ण पाळी असं मुकादमाकडून ठरवून घ्या. नवा माणूस असेल तर पहिल्या दिवशी २० टक्केच, म्हणजे आठ तासांतले जेमतेम दीड तास, आणि रोज तेवढीच वाढ. तहानेची वाट न बघता दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी प्या.

पण या प्रथिनाच्या भरवशावर राहू नका. अंग ४० अंशांवर गेलं आणि सोबती असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर तो उष्माघात आहे, मग घाम येत असला तरी. १०८ ला फोन लावा आणि गाडीची वाट बघत बसू नका: त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओतत राहा, पंखा लावा, बर्फ असेल तर काखेत आणि जांघेत ठेवा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.